मुंबई खायची तर घड्याळ बघून

मुंबईत कुठे खावं याच्या याद्या हव्या तितक्या मिळतात. यादीतलं नाव बरोबर असतं, पत्ताही बरोबर असतो, आणि तरी माणूस हिरमुसून परततो. कारण तो भलत्याच वेळी गेलेला असतो. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया फक्त दुपारच्या जेवणासाठी उघडतं. संध्याकाळी जाल तर कुलूप दिसेल. मोहम्मद अली रोडला भर दुपारी तीनला गेलात तर हातगाड्या, टेम्पो आणि घाऊक मालाची दुकानं, एवढंच पदरात पडेल. चेंबूर कॅम्पातली दाल-पकवान ही सिंधी न्याहारी आहे, तिची चव सकाळीच.

या शहरात जे जे लोक येऊन वसले ते आपला मसाला घेऊन आले आणि आपल्या जेवायच्या वेळाही घेऊन आले. म्हणून माझा आग्रह असा असतो की पदार्थ मागाहून ठरवा, आधी वेळ ठरवा. दोन-चार दिवसांसाठी मुंबईत येणाऱ्या पाहुण्यांसाठी हे लिहिते आहेच. पण जन्म मुंबईत गेला आणि तरी हॉटेल म्हणजे कोपऱ्यावरचं पावभाजी सेंटर, असे मुंबईकरही कमी नाहीत. हे त्यांच्यासाठीही आहे. भाव मात्र कुठेच दिलेले नाहीत, ते वाचेपर्यंत बदललेले असतात.

पायरी १: एका दिवशी एकच पट्टा

सकाळी कुलाबा, दुपारी चेंबूर आणि रात्री बांद्रा असा बेत आखलात तर निम्मा दिवस लोकलमध्ये जाईल आणि भूक गर्दीत मरेल. एक पट्टा धरा आणि त्यातल्या त्यात पायी फिरा. चालल्याशिवाय दुसऱ्या खाण्याला जागा होत नाही.

पट्टे साधारण असे पडतात: फोर्ट, बॅलार्ड इस्टेट आणि धोबी तलाव हा एक. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर हा दुसरा. भेंडी बाजार, बोहरी मोहल्ला आणि नागपाडा हा तिसरा. त्यासाठी मस्जिद किंवा सँडहर्स्ट रोडला उतरायचं. दादर-मातुंगा चौथा, शीव-चेंबूर पाचवा.

वार पाहणंही तितकंच महत्त्वाचं. फोर्ट जगतं ते ऑफिसांवर. रविवारी तिथल्या कितीतरी जेवणाच्या जागा बंद असतात, म्हणून फोर्ट आठवड्याच्या मधल्या दिवशी करा. उलट मातुंगा आणि चेंबूर खरे रंगतात ते रविवारी, फक्त लवकर उठायची तयारी हवी. साप्ताहिक सुट्टी प्रत्येकाची वेगळी असते. निघण्याआधी एक फोन करावा. आणि खिशात थोडी रोकड ठेवाच. जुन्या जागांपैकी काहींचा अजूनही रोखीवरच भर आहे.

मातुंग्याला जाताना एक गोष्ट लक्षात ठेवा. मध्य रेल्वेचं ते ‘माटुंगा’ आणि पश्चिम रेल्वेचं ते ‘माटुंगा रोड’. खाण्याच्या जागा मध्य रेल्वेच्या स्टेशनाबाहेर, पूर्वेला आहेत.

पायरी २: सकाळ इराण्याकडे

झरतुष्ट्री पारशी गुजरातेत येऊन स्थिरावले त्याला शेकडो वर्षं झाली. इराणी मात्र बरेच नंतरचे, एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला यझ्द, केरमान या भागांतून आलेले. त्यांनी चहाची दुकानं काढली, तीही बहुतेक रस्त्याच्या कोपऱ्यावर. कोपऱ्याची जागा हिंदू दुकानदारांना अशुभ वाटे, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळे, असं जुने मुंबईकर सांगतात. गिरणी कामगार, कारकून, वकील, विद्यार्थी, कोणीही एका चहावर तिथे बसू शकत होता, आणि ज्या काळात अनेक खानावळींत जात विचारली जात होती त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती.

आता इराणी मोजकेच उरलेत. मरीन लाइन्सला उतरून धोबी तलावाकडे चालत जा. मेट्रो सिनेमाच्या समोर १९०४ सालचं कियानी अँड कंपनी आहे. तिथून जवळच ससानियन, १९१३चं. एका सकाळी दोन्हीकडे जाऊ नका. एकाच ठिकाणी निवांत बसा.

पहिली ऑर्डर ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, आणि चहा. ब्रूनचं कवच खडखडीत असतं. सुरी फिरली की पोपडे टेबलभर उडतात, आतला गाभा मऊ, आणि लोणी असं सढळ लावलेलं की दोन कापांमधून बाहेर डोकावतं. काप चहात बुडवायचा तो दोन-तीन सेकंदच. तेवढ्यात कवच ओलं होतं पण मोडत नाही, लोणी वितळून चहावर पिवळा तवंग धरतं, आणि चहाचा गोडवा व लोण्याचं मीठ एकाच घासात येतं. जास्त वेळ ठेवलात तर खालचा अर्धा भाग कपात राहतो. कडक कवच आवडत नसेल तर बन मस्का घ्या, पण एकदा तरी ब्रून खाऊन पाहाच.

भूक असेल तर पुढे खिमा-पाव किंवा अकुरी. अकुरी म्हणजे पारशी पद्धतीची अंडा भुर्जी; ती किंचित ओलसर असताना उतरवतात, त्यामुळे ‘कच्ची राहिली’ म्हणून परत पाठवू नका. निघताना मावा केक आणि खारी बांधून घ्या. टेबल रिकामं नसेल तर अनोळखी माणसाच्या समोरच्या खुर्चीवर बसायला इराण्याकडे कुणाची हरकत नसते, आणि तिथल्या उत्तम गप्पा मला अशाच खुर्च्यांवर मिळाल्या आहेत.

किंवा सकाळ मातुंग्यात

१८९६च्या प्लेगनंतर बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-मातुंग्याचा भाग आखून वसवला आणि तिथे दक्षिणेकडून आलेल्या नोकरदारांची मोठी वस्ती झाली. त्या माणसांच्या पोटासाठी निघालेल्या जागा आज शहराच्या लाडक्या आहेत. ‘साउथ इंडियन’ या एका शब्दात सगळं कोंबू नका. मातुंग्यात उडुपी, तमिळ आणि कोकणी असे तिन्ही हात ओळखू येतात.

स्टेशनाबाहेर पडताच राम आश्रय लागतं. ते सकाळी लवकर उघडतं. फळ्यावर त्या दिवसाचे पदार्थ लिहिलेले असतात, आधी फळा वाचा आणि मगच मागवा. तिथला शिरा रोज एकाच चवीचा नसतो. अननसाचा असेल त्या दिवशी सोडू नका. किंग्ज सर्कलच्या बाजूला कॅफे मद्रास आहे. तिथे मसाला डोसा मागवू नका, तो सगळीकडे मिळतो. रसम वडा आणि नाचणीचा डोसा घ्या, शेवट फिल्टर कॉफीने करा. कॉफी डबऱ्यातल्या पेल्यात येते. पेल्यातून डबऱ्यात, डबऱ्यातून पेल्यात दोन-तीनदा ओता, म्हणजे तळाची साखर मिसळते आणि वर फेस येतो.

रविवारी नऊनंतर दोन्हीकडे नावं लिहून फुटपाथवर उभं राहावं लागतं. साडेसातला पोचा.

पायरी ३: दुपार, म्हणजे एकच मोठं जेवण

दुपारी दोन ठिकाणी जेवायचा मोह आवरा. खालच्यातली एकच वाट धरा.

*पानावरचं.* सकाळी मातुंग्यात फक्त कॉफी घेतली असेल तर दुपारी स्टेशनाजवळ, वरच्या मजल्यावर ए. रामा नायक यांच्या उडिपी श्री कृष्ण बोर्डिंगमध्ये जा. ते १९४२ सालचं आहे. आधी काउंटरवर कूपन घ्यायचं, मग नंबराची वाट बघायची. ‘मर्यादित थाळी की केळीचं पान’ असं विचारतील, पान सांगा. भात पहिल्यांदा सांबाराशी, दुसऱ्यांदा रसमाशी आणि शेवटी ताकाशी, असा क्रम ठेवलात तर जेवण जड होत नाही. रसमाच्या भाताला मधोमध खळगा करा, नाहीतर रसम पानाच्या कडेने निसटतं. वाढपी झपाट्याने फिरतात. नको असेल तर तोंडाने सांगण्यापेक्षा पानावर हात आडवा धरा.

*पारशी.* बॅलार्ड इस्टेटमध्ये ब्रिटानिया अँड कंपनी १९२३पासून आहे. बेरी पुलाव ही तिथली खरी ओळख: भातावर इराणहून येणारी झेरेश्क नावाची इवलीशी, लालभडक, आंबट बेरी. मटणाच्या मसाल्याला ती बेरी अशी छेदत जाते की तिसऱ्या घासाला कंटाळा येण्याची भीतीच नाही. सोबत साली बोटी, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या काड्या घातलेलं मटण, आणि पालनजीचा रास्पबेरी सोडा. एक पुलाव दोघांना पुरतो. धनसाक, म्हणजे डाळीत शिजवलेलं मटण, बाहेर रोज मिळेल, पण पारशी घरात ते बहुधा रविवारचं जेवण, आणि शुभकार्याच्या दिवशी ते करत नाहीत. त्यामुळे पारशी मित्राला लग्नाच्या वाढदिवशी ‘धनसाक खाऊ या’ म्हणू नका. तिथे पात्रा नी मच्छी शोभते: चटणी माखून केळीच्या पानात वाफवलेला पापलेट.

*गुजराती.* काळबादेवीच्या गल्लीत जिना चढून श्री ठाकर भोजनालय लागतं, १९४५चं. इथे पोट सांभाळायचं ते सुरुवातीला. फरसाण पहिल्यांदा येतं, गरम येतं आणि सारखं येत राहतं. ते एकेकच घ्या. रोटला गूळ-तुपाशी खा, आणि शेवटच्या खिचडी-कढीसाठी जागा ठेवा, कारण ताटातली सगळ्यात चांगली गोष्ट तीच असते.

*आपलं मासळीचं.* मालवणी, गोमंतकी आणि मंगळुरी ताटांत गल्लत करू नये. मालवणी ताटात भाजलेल्या मसाल्याचा जोर, गोमंतकी ताटात ओल्या नारळाचा आणि आमसुलाचा, बांगडा असेल तर तिरफळाचा. मंगळुरी गस्सी, म्हणजे नारळाचा रस्सा, वेगळीच, ती पातळ तांदळाच्या नीर डोशाशी खायची. दादरला सिंधुदुर्ग आणि गोमांतक, वांद्रे पूर्वेला खेरवाडीजवळ हायवे गोमांतक, फोर्टात महेश लंच होम: या माझ्या जागा. बसल्या बसल्या सुरमई-पापलेट सांगू नका. ‘आज ताजं काय आलंय?’ असं आधी विचारा, आणि बोंबील, मांदेली किंवा तिसऱ्या म्हणाले तर आनंदाने ‘हो’ म्हणा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते. तेव्हा मोठी मासळी बहुधा बर्फातली किंवा बाहेरून आलेली असते. त्या दिवसांत मी कोंबडी-वडे मागवते.

गिरणगावातल्या खाणावळींचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार महिनाभराच्या बोलीवर ज्यांच्याकडे जेवत त्या बहुतेक बायका होत्या, दहा-बाय-दहाच्या खोलीत वीस-वीस जणांचा स्वयंपाक करणाऱ्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, तशा बहुतेक खाणावळीही गेल्या. लालबाग-परळला आज एखादं साधं घरगुती जेवणाचं दुकान दिसलं तर तिथे थांबा. झुणका, भाकरी आणि ठेचा मागवा.

पायरी ४: संध्याकाळ हलकी

रात्रीचं जेवण भेंडी बाजारात करायचं असेल तर संध्याकाळी एकाच गोष्टीवर भागवा. दादर स्टेशनाबाहेर १९६६ साली अशोक वैद्य यांनी वडा-पावची गाडी सुरू केली असं मानतात. वडा-पावचं पहिलं दुकान शोधत बसण्यापेक्षा जिथे घाणा आत्ता निघतोय तिथे उभे राहा. गार वडा कितीही नावाजलेल्या गाडीवरचा असला तरी गारच. उपासाचं हवं असेल तर शिवसेना भवनाजवळ प्रकाशमधला साबुदाणा वडा आणि पियूष, मिसळ हवी असेल तर त्याच भागात आस्वाद.

चायनीजबद्दल थोडं. चिकन मांचुरियन १९७५च्या सुमारास मुंबईतच, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, कोलकात्यात वाढलेल्या नेल्सन वांग यांनी केलं. तेव्हा गाडीवरचं मांचुरियन हा मुंबईचाच पदार्थ. कँटनी वळणाचं शांत जेवण हवं तर कुलाब्यात लिंग्ज पॅव्हेलियन आहे. चिनी नववर्षाला माझगावच्या जुन्या सी युप मंदिरात दिवे लागतात, तेही बघून या.

पायरी ५: रात्र भेंडी बाजारात

ही पायरी मी सगळ्यात जपून सांगते, कारण मराठी वाचक इथेच सगळ्यात जास्त बिचकतो. मी इथे मैत्रिणींबरोबर गेले आहे, एकटीही गेले आहे. बहुतेक हॉटेलांत वरच्या मजल्यावर ‘फॅमिली’ची जागा असते. साधे, अंगभर कपडे घाला, बंद चपला घाला आणि मशिदीच्या दारातली वाट अडवू नका.

पहिला प्रश्न मनात ठेवू नका, सरळ विचारा: ‘बडे का है या छोटे का?’ बडा म्हणजे म्हैस-रेडा, छोटा म्हणजे बकरा. तिथे हा प्रश्न रोज विचारला जातो, कोणी रागावत नाही, खरं उत्तर देतात. तुमचं जे असेल ते ठरवून मागवा.

नागपाड्याला सरवीचे सीख कबाब: मऊ इतके की रोटीत धरतानाच सुटतात. सोबत पुदिना आणि कांदा. नूर मोहम्मदीत नल्ली निहारी, म्हणजे नळीच्या हाडांसकट मंद शिजवलेला रस्सा, तीही रोटीशी, भाताशी नव्हे. बोहरी मोहल्ल्यात सुरती बारा हंडी. एका ओट्यात मोठमोठ्या हंड्या बसवलेल्या असतात आणि रात्रभर मंद आचेवर शिजलेला पाया, मांस, नल्ली वेगवेगळ्या हंडीत असतं. वाढणारा ओट्यावर बसूनच तुमच्या वाडग्यात दोन-तीन हंड्यांतलं एकत्र करून देतो. नवख्याने ‘मिक्स, थोडा पतला’ असं सांगावं. रस्सा बोटांना चिकटतो, इतका तो हाडांतून उतरलेला असतो. खमिरी रोटी त्यात बुडवून खायची. अर्धीच प्लेट घ्या, हे अन्न खरंच जड असतं.

गोड मोहम्मद अली रोडवरच्या मिनारा मशिदीच्या गल्लीत. १९३६पासूनच्या सुलेमान उस्मान मिठाईवाल्यांकडे मातीच्या शिकोऱ्यातली फिरनी घ्या, आणि घरी न्यायला अफलातून नावाची मिठाई. ते बरेच दिवस टिकतं. मालपुवा अंड्याचा असतो, शाकाहारी असाल तर ध्यानात ठेवा. बोहरी मोहल्ल्यातलं ताज आइसक्रीम १८८७पासूनचं, हाताने फिरवलेल्या संच्यातलं. मोसमात सीताफळाचं सांगा.

भेंडी बाजाराचा मोठा पुनर्विकास चालू आहे, दुकानं जागा बदलतात. नकाशावर विसंबू नका, नाक्यावर कुणालाही नाव सांगून विचारा.

रमजानात मिनारा मशिदीची गल्ली पहाटेपर्यंत जागी असते. पहिल्यांदाच जात असाल तर रमजानाचा शेवटचा आठवडा टाळा, गर्दीत बसून खाणं होत नाही. आणि इफ्तारच्या वेळी, म्हणजे सूर्यास्ताला, टेबल अडवू नका. दिवसभर रोजा धरलेल्या माणसाची ती वेळ आहे. तासाभराने जा.

पायरी ६: रविवारी कॅम्पात

फाळणीनंतर सिंधहून निर्वासित आले आणि चेंबूरला कॅम्पात राहिले. हॉटेल म्हणावं असं इथे थोडंच, पण न्याहारी अप्रतिम. विग रिफ्रेशमेंट्समध्ये दाल-पकवान: कडक, पातळ, तळलेलं पकवान आणि वर हरभऱ्याची डाळ, चिंचेची चटणी, कांदा. पकवान डाळीत बुडवून ठेवू नका. तुकडा मोडून डाळ उचला. पुढे झामा स्वीट्सचा गुलाबजाम. हार्बरच्याच लाइनीवर जीटीबी नगरला शीव कोळीवाडा. ‘कोलीवाडा’ कोळंबी तिथे वसलेल्या पंजाबी निर्वासितांच्या हातची, असं सगळे सांगतात. ओव्याचा वास येईल तिथेच घ्या.

पायरी ७: जे हॉटेलात मिळत नाही

या शहरातलं बरंचसं उत्तम अन्न अजून घरातच आहे. दाऊदी बोहऱ्यांचं थाळ त्यातलं एक. एका मोठ्या थाळाभोवती सगळे बसतात, यजमान चिलमची-लोट्याने हात धुवून देतात, जेवण चिमूटभर मिठाने सुरू होतं आणि गोड-तिखट असं आलटून पालटून येतं. पानात टाकायचं नाही, हा नियम कसोशीने पाळतात. घरी थाळ मांडून देणाऱ्यांकडे आधी नोंदणी करून जाता येतं. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या जुन्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा बाटली मसाला, फुग्या, लोणवास हेही असंच. वांद्रे, गोराई, वसईकडच्या घरगुती ऑर्डरीवर किंवा सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेच्या दिवसांत. बेने इस्रायलींचा, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यूंचा, मलिदा तर बोलावणं आलं तरच.

काही पदार्थ तारखेला बांधलेले आहेत, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. ऑगस्टमध्ये पारशी नववर्षाला लगन नु भोणू, म्हणजे पारशी लग्नाचं जेवण, मिळतं, पण नोंदणी आठवडाभर आधी करा. ओणमला फोर्टातल्या पिठा स्ट्रीटवरच्या हॉटेल डिलक्ससारख्या केरळी जागांत सद्या, म्हणजे केळीच्या पानावरचं सणाचं जेवण, असतं. अकराच्या आत रांगेत उभे राहा. थंडीत उंधियू, म्हणजे गुजराती मिश्र भाजी, सी. पी. टँकच्या हिरालाल काशीदासकडून किलोच्या हिशेबाने आणा आणि घरी आणल्यावर पुन्हा तेल घालून गरम करू नका. मंद आचेवर, झाकण ठेवून, नुसतं तापवा.